वाचकांचे प्रश्न : ओळखीच्या कपाटापलीकडे

गेल्या अंकात वाचनाविषयी एक छोटे टिपण छापले होते. माणसाला स्वतःची वाढ व्हावी असे वाटत असेल, तर त्याने आवडीच्या विषयाबाहेरचेही नियमाने वाचावे, एवढेच त्यात म्हटले होते. त्यावर ठाणे आणि नवी मुंबईतून बरीच पत्रे आली. काहींनी वाट विचारली, तर काहींनी शंका घेतली. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली असून लेखकांच्या विनंतीवरून नावे गाळली आहेत.

प्रश्न : माझे वय एकतीस. मी घणसोलीला राहतो आणि ऐरोलीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. नोकरी लागल्यापासून नियमित वाचतो, पण ती सगळी पुस्तके चांगल्या सवयी, वेळेचे नियोजन, आत्मविश्वास, पैशाची शिस्त अशा विषयांवरची असतात. सुरुवातीला फार हुरूप यायचा. आता दहा पाने वाचली की पुढे काय असणार ते कळते. चौफेर वाचायचे तर सुरुवात कोठून करावी? आणि पक्षी, इतिहास, कायदा असले काहीबाही वाचून माणूस म्हणून माझी वाढ नेमकी कशी होणार?

उत्तर : तुम्ही वाचता ती पुस्तके टाकाऊ नाहीत. त्यांतील काहींमधला सल्ला चोख असतो आणि तो पाळला तर दिवस नीट लागतो. त्यांची अडचण वेगळी आहे. त्या सगळ्या पुस्तकांचा विषय वाचक स्वतःच असतो : माझी सवय, माझा वेळ, माझे यश. त्यामुळे कितीही वाचले तरी दुसऱ्या कोणाची गाठ पडत नाही, आणि जे आपल्याला आधीपासून पटलेले आहे तेच नव्या मुखपृष्ठाखाली पुन्हा भेटत राहते. दहाव्या पानावर कंटाळा येणे हे माझ्या मते तुमच्या समजेचे चांगले लक्षण आहे.

सुरुवात कोठून करावी, तर जेथे उभे आहात तेथून. ऐरोली-मुलुंड पुलावरून तुम्ही कधी ना कधी गेला असाल आणि हिवाळ्यात ठाणे खाडीच्या चिखलात उभे असलेले रोहित पक्षी पाहिले असतील. ते येथे का येतात, हा एकच प्रश्न घेऊन ग्रंथालयात जा. पक्ष्यांवरचे पुस्तक सांगेल की खाडीच्या पाण्यातले नीलहरित शैवाल आणि बारीक जीव हे त्यांचे खाद्य आहे आणि पिसांचा गुलाबी रंगही त्याच खाद्यातून येतो. खाडीचा हा भाग 2015 मध्ये रोहित पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि 2022 मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. मग शैवाल वाढते कशाने, तिवरांची झाडे खाऱ्या चिखलात जगतात कशी, सांडपाण्याचा या सगळ्याशी काय संबंध, असे विचारत तुम्ही वनस्पतिशास्त्राच्या आणि नगरव्यवस्थेच्या कपाटाशी पोहोचता. खाडीच्या ठाण्याकडच्या काठावर आज मध्यवर्ती कारागृह आहे, तो मुळात पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला किल्ला. तो मराठ्यांनी 1737 मध्ये घेतला आणि 1774 मध्ये इंग्रजांनी. या काठासाठी एवढी झुंज का झाली, हे कळायला इतिहास लागतो आणि त्याच्या जोडीला जलमार्गांचा भूगोलही लागतो.

आता खाडीच्या तुमच्या बाजूला या. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 1965 मध्ये मुंबईसमोरच्या किनाऱ्यावर नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली आणि 1970 मध्ये त्यासाठी सिडको ही सरकारी नगरविकास कंपनी स्थापन झाली. नियोजनकारांचे लेखन वाचले की कल्पनेची झेप जाणवते : गर्दीने गुदमरलेल्या बेटाला मोकळा श्वास द्यायचा, घरे, कामाची ठिकाणे आणि रेल्वे यांची जोडणी आधीच ठरवायची. त्यानंतर याच शहराची दुसरी बाजू वाचा. या प्रकल्पासाठी 95 गावांची जमीन घेतली गेली, त्यांत तुमची घणसोलीही आहे. आगरी-कोळी शेतकऱ्यांची भातशेती, मिठागरे, खाडीतली मासेमारी हे सगळे त्यात गेले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जो लढा झाला, त्यात जानेवारी 1984 मध्ये जासई परिसरात गोळीबार होऊन पाच जणांचे प्राण गेले. विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा भूमिपुत्रांना परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. तुम्ही ज्या इमारतीत राहता तिचा भूखंड कदाचित याच योजनेतला असेल. घराची कागदपत्रे काढून पाहिलीत तर कळेल.

तुम्ही विचारलेली वाढ येथे दिसते. नियोजनकाराची हकिगत खोटी नाही आणि गावकऱ्याची हकिगतही खोटी नाही. दोन्ही एकाच वेळी डोक्यात बाळगता येणे, एकीने दुसरी पुसून न टाकणे, आणि तरीही शेवटी स्वतःचे मत बनवणे, ही ताकद सवयींवरच्या पुस्तकातून येत नाही. ती आली की कार्यालयात जेवणाच्या टेबलावर कोणी सहज म्हणाले, "या गाववाल्यांना फुकट पैसा मिळाला," तर तुम्ही लगेच मान डोलावणार नाही आणि लगेच भांडणारही नाही. तुम्ही आधी विचाराल की पैसा किती, कधी आणि कशाच्या बदल्यात. असे प्रश्न सुचू लागणे हीच मी वाढीची खूण मानेन.

दोन सावधगिरीच्या गोष्टीही सांगायला हव्यात. पुष्कळ वाचले म्हणजे माणूस आपोआप मोठा होतो, असे मुळीच नाही. समर्थ रामदासांनी दासबोधात मूर्खाच्या लक्षणांनंतर पढतमूर्खाच्या लक्षणांना एक आख्खा समास दिला आहे, आणि संपूर्ण ग्रंथ न पाहताच त्याला दूषण देणारा त्यात मोडतो. आज पुस्तकाचा सारांश ऐकून मत ठोकून देणारे पाहिले की तो समास जुना वाटत नाही. दुसरे असे की चौफेर वाचायचे म्हणून आपला मूळ विषय सोडू नये. एका विषयात खोल गेलेल्या माणसालाच दुसऱ्या विषयातले पुस्तक कच्चे आहे की पक्के, याचा वास येतो. आवडीची दोन पुस्तके झाली की तिसरे परक्या कपाटातले, इतके प्रमाण पुरे आहे. पन्नास पाने वाचूनही पुस्तक आत शिरू देत नसेल, तर खुशाल परत करा.

ग्रंथालयात मुक्तद्वार पद्धत असेल, म्हणजे सभासदाला कपाटापर्यंत जाऊ देत असतील, तर आणखी एक गोष्ट करून पाहण्यासारखी आहे. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर देवघेवीच्या तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते. ज्या पुस्तकावर शिक्क्यांची दाटी आहे, त्याची शिफारस तुम्हाला कोणीही करील. जिच्यावर तुरळक शिक्के आहेत आणि शेवटचा पुसट झाला आहे, अशी चिठ्ठी असलेले पुस्तक एकदा उघडा. त्यांतली बरीचशी उगाच पडून राहिलेली नसतात, हे मान्य. पण एखादे असे निघते की ते आपल्यासाठीच थांबले होते असे वाटावे.

प्रश्न : मी चौसष्ट वर्षांची असून नौपाड्यात राहते. शाळेत होते तेव्हापासून कादंबऱ्या वाचते आहे. घरात मुलगा आणि सून म्हणतात, "आई, आता काहीतरी उपयोगाचे वाच, नुसत्या गोष्टी किती वाचशील?" कादंबरी वाचून माणूस घडतो असे लोक म्हणतात, त्याला काही आधार आहे का, की ही आमच्यासारख्यांनी स्वतःची घातलेली समजूत आहे?

उत्तर : आपला प्रश्न सरळ आहे, म्हणून उत्तरही सरळ देते. 2013 मध्ये डेव्हिड किड आणि इमॅन्युएल कॅस्टानो या दोन मानसशास्त्रज्ञांचा एक अभ्यास 'सायन्स' या नियतकालिकात आला. त्यांनी काही लोकांना चांगल्या दर्जाच्या ललित लेखनातले उतारे वाचायला दिले आणि त्यानंतर केवळ डोळ्यांची छायाचित्रे दाखवून त्या माणसाच्या मनात काय आहे ते ओळखायला सांगितले. ललित वाचणाऱ्यांना ते जास्त चांगले जमले, असा निष्कर्ष निघाला आणि जगभर त्याचा बोलबाला झाला. पुढे 2018 मध्ये काही संशोधकांनी 'नेचर' आणि 'सायन्स'मध्ये आलेले 21 प्रयोग नव्याने करून पाहिले. त्यांपैकी 13 पुन्हा जुळले, आणि कादंबरीच्या बाजूने दाखला म्हणून सांगितला जाणारा हा प्रयोग न जुळलेल्यांत होता. तेव्हा चार पाने गोष्ट वाचली की माणूस लगेच सहृदय होतो, असे कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याचे ऐकू नये.

मात्र यावरून आपले आयुष्यभराचे वाचन वाया गेले असे ठरत नाही. काही मिनिटांचा उतारा आणि पाच दशकांची संगत यांची तुलना कोणत्याही प्रयोगशाळेत झालेली नाही. शिवाय उपयोग हा एकच निकष लावायचा, तर सकाळी फिरायला जाताना तलावपाळीच्या काठावर दहा मिनिटे बसणेही बंद करावे लागेल.

मुलाचे म्हणणे अगदीच वावगे आहे असेही मला वाटत नाही, फक्त त्याने औषध चुकीचे सुचवले आहे. कादंबरी सोडून अर्थशास्त्र हाती घेण्याची काही गरज नाही, पण कादंबरीतच आपण किती दूरवर फिरता, हे जरूर तपासावे. आपल्याच पिढीच्या, आपल्याच थरातल्या, पुण्या-मुंबईच्या घरांतल्या गोष्टी वाचायच्या, तर ते एका अर्थी शेजारच्या बिऱ्हाडातले ऐकणे झाले. 1954 साली स्थापन झालेली साहित्य अकादमी 24 भाषांतल्या साहित्याचे काम पाहते आणि त्यांतल्या कित्येक कादंबऱ्या मराठीत आल्या आहेत. नॅशनल बुक ट्रस्टच्या आदान-प्रदान मालेतही अशी भाषांतरे आहेत. बंगालमधले गाव, केरळातला मच्छीमार, कर्नाटकातले मठ आणि त्यांतले हेवेदावे, हे सगळे नौपाड्यातल्या खुर्चीत बसून भेटते. मराठीतली दलित आणि भटक्या-विमुक्तांची आत्मकथने कादंबरी नव्हेत, पण कादंबरीच्या वाचकाला ती धरून ठेवतात. ज्या रस्त्यावरून आपण वर्षानुवर्षे गेलो, तो दुसऱ्या कोणाला कसा दिसत होता, हे त्यांतून कळते. सूनबाईंना एक विनंती करून पाहा : अशा एखाद्या पुस्तकाची पहिली वीस पाने त्यांनीही वाचावीत आणि मग उपयोगाविषयी बोलावे.

प्रश्न : मी कळव्याला राहते आणि परिचारिका आहे. पाळ्यांमधून वेळ काढून बरेच वाचते, विषयही वेगवेगळे असतात. पण महिन्याभरात सगळे पुसले जाते. पुस्तक आवडले होते एवढेच आठवते. मग वाचून उपयोग काय?

उत्तर : विसरणे हा तुमचा दोष नाही. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरगट पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि 1885 मध्ये त्यांचे निष्कर्ष छापले. पाठ केलेले सुरुवातीला झपाट्याने आणि मग हळूहळू विसरले जाते, हे त्याने दाखवून दिले. निरर्थक अक्षरांपेक्षा अर्थ असलेला मजकूर जास्त टिकतो, आणि आधीच्या माहितीशी जोडला गेला तर त्याहून जास्त. म्हणून चौफेर वाचणाऱ्याला पहिली दोन-तीन वर्षे जड जातात. नवे अडकवायला खुंट्याच नसतात. साथीच्या रोगांचा इतिहास वाचताना तुमच्या हाताला जी खुंटी आपोआप लागेल, ती वास्तुकलेवरचे पुस्तक वाचताना लागणार नाही. पण त्या विषयातले तिसरे पुस्तक पहिल्यापेक्षा सहज लक्षात राहील, याची खात्री बाळगा.

एक उपाय मात्र खरोखर कामाचा आहे. 2006 मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींना ते पुन्हा वाचायला लावले आणि काहींना न बघता आठवेल तेवढे लिहायला लावले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. याचा घरगुती अर्थ एवढाच की ओळींखाली रेघा मारत बसण्यापेक्षा प्रकरण संपल्यावर पुस्तक मिटावे आणि वहीत चार ओळी लिहाव्यात. लेखकाचे म्हणणे काय, त्याने पुरावा कोणता दिला आणि मला कोठे पटले नाही, हे पान क्रमांकासह टिपावे. जे आठवणार नाही त्याची जागा कोरी सोडावी आणि मगच पुस्तक उघडून पाहावे. तुम्ही पाळी संपताना पुढच्या परिचारिकेला रुग्णाची माहिती सांगता, तेव्हा नेमके हेच करता. फार वेळ लागत नाही. सगळ्या पुस्तकांसाठी हे करूही नका, नाहीतर वाचनाची शाळा होईल. करमणुकीसाठी घेतलेले पुस्तक विसरले, तर विसरू द्यावे.

प्रश्न : मोबाइलवर वाचलेले हे वाचन धरायचे का? (नेरूळ)

उत्तर : अवश्य धरायचे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली सुरू झालेला मराठी विश्वकोश आज मोबाइलवर विनामूल्य वाचता येतो, आणि नेरूळहून गाडीत बसल्यावर पनवेल येईपर्यंत त्यातली एखादी चांगली नोंद वाचून होते. धोका आहे तो समोर आपोआप येणाऱ्या मजकुराचा. काल जे आवडले त्याच जातीचे आज पुढे येते, आणि विषय बदलल्यासारखा वाटला तरी आपण त्याच गल्लीत फिरत असतो. म्हणून मोबाइलवर वाचायचेच असेल तर काय वाचायचे ते आधी ठरवा आणि स्वतः शोधून उघडा.

प्रश्न : मी कोपरखैरण्याला राहतो. मूळ गाव सातारा जिल्ह्यात. तुर्भ्याच्या घाऊक बाजारात माथाडी कामगार आहे. शिक्षण दहावीपर्यंत. काम पहाटे सुरू होते, त्यामुळे दुपारनंतर वेळ असतो. वर्तमानपत्र रोज वाचतो, पण पुस्तक घेतले की चार पानांत शब्द अडतात आणि डोळा लागतो. मुलगी कॉलेजात अर्थशास्त्र शिकते. तिच्याशी चार गोष्टी बोलता याव्यात असे वाटते. माझ्यासारख्याने काय वाचावे?

उत्तर : दादा, पहिली गोष्ट ही की डोळा लागतो त्याला कारण पहाटेची पाळी आहे, बुद्धी नव्हे. जेवणानंतर लगेच पुस्तक घेऊ नका. झोप झाल्यावर, चहा घेऊन बसा.

ज्या विषयात लेखकापेक्षा तुम्हाला जास्त कळते, तेथून सुरुवात करा, म्हणजे अडलेल्या शब्दाची भीती राहत नाही. तुम्ही ज्या कायद्याखाली काम करता तो माथाडी कायदा 1969 सालचा आहे आणि त्यामागे अण्णासाहेब पाटील यांनी उभी केलेली चळवळ आहे. त्या काळाविषयीचे लेखन मिळाले तर जरूर वाचा. निम्मी हकिगत तुम्ही जुन्या सहकाऱ्यांकडून ऐकलेली असेल, त्यामुळे पुस्तकात काय सुटले आहे तेही तुम्हाला दिसेल. मग कष्टकऱ्यांनी स्वतः लिहिलेले वाचा. अण्णा भाऊ साठे आजच्या सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचे. शाळेची पायरी त्यांनी जेमतेम दीड दिवस चढली, मुंबईत पडेल ते काम केले, आणि तरी त्यांच्या नावावर तीसहून अधिक कादंबऱ्या आहेत. नारायण सुर्वे गिरणगावात वाढले आणि त्यांनी गिरणीत काम केले. त्यांच्या कवितेतली भाषा तुमच्या-माझ्या बोलण्यातली आहे. आधी कथा घ्या, कादंबरी मागाहून. कथा एका बैठकीत संपते आणि संपवल्याचे समाधान मिळते. शब्द अडला तर तो खालच्या रेघेवर टिपून पुढे जा. दर शब्दाला कोश काढलात तर गोष्टीची गंमत जाईल.

मुलीशी बोलण्यासाठी तिच्याइतके अर्थशास्त्र शिकायची गरज नाही. बाजारात कांद्याची आवक वाढली की दुपारपर्यंत भाव कसा घसरतो, अडत म्हणजे दलाली कोण घेतो, माल सडू लागला की कोण किती नुकसान सोसतो, हे तुम्ही रोज पाहता. भाव कसा ठरतो याविषयी तिच्या पुस्तकात जे प्रकरण असेल, ते तिला मोठ्याने वाचून दाखवायला सांगा आणि कोठे पटत नाही ते सांगा. तिलाही त्याचा फायदा होईल, कारण तिच्या वर्गात हे सांगणारे फारसे कोणी नसणार. पुढे तिच्या पुस्तकातला एखादा भाग तुम्हीच वाचून दाखवा. मोठ्याने वाचल्याने अडखळणे लवकर जाते.

पुस्तके विकत घेण्याच्या भरीस सध्या पडू नका. ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 मध्ये वि. ल. भावे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केले, आणि कल्याणचे सार्वजनिक वाचनालय तर 1864 पासूनचे आहे. तुम्हाला एवढ्या लांब जावे लागू नये, म्हणून आधी कोपरखैरणे-वाशी भागातच चौकशी करा. ओळखीचा पुरावा, थोडी अनामत आणि वर्गणी एवढ्यावर नाव नोंदवता येते. अनामत पुढे परत मिळते. दुपारी गर्दी नसते तेव्हा जा आणि ग्रंथपालांना मोकळेपणी सांगा की कष्टकऱ्याची गोष्ट हवी, अक्षर मोठे हवे, पुस्तक जाड नको. एवढे सांगितलेत तर तेच कपाटातून तीन-चार काढून समोर ठेवतील. घरी नेल्यावर परतीची तारीख मात्र आठवणीने पाहून ठेवा, कारण उशीर झाला तर बहुतेक ठिकाणी दंड घेतात.